मेपल झाडावरील लोकरी मावा व आमची घाई

आमच्या संघाचे एक जुने सभासद गेल्या ज्येष्ठांत भेटावयास आले होते. त्यांचे चिरंजीव उत्तर अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांत नोकरीनिमित्त राहतात. तेथें त्यांच्या घरापुढें मेपल नांवाचें एक मोठें झाड आहे. त्या झाडाच्या पानांच्या खालच्या अंगास कापसासारखें पांढरें कांहींतरी धरलेलें पाहून चिरंजीवांनीं त्याचें छायाचित्र वडिलांस धाडलें आणि विचारलें, “अण्णा, आपल्या उंसावर आला होता तोच हा मावा काय? यावर कोणतें औषध मारूं?” वडिलांनीं छायाचित्र पाहतांच उत्तर दिलें, “तोच आहे. उद्यां सकाळीं पंप आण आणि झाड धुऊन काढ.” हें उत्तर देऊन झाल्यावर मग ते छायाचित्र घेऊन मजकडे आले.

उत्तर आधीं व चौकशी मागाहून, हा क्रम कांहीं त्या एका गृहस्थांचा नव्हे. तो आपणां सर्वांचाच आहे. पानावर पांढरें दिसलें कीं दुकान, व दुकानांतून शेत, एवढाच आपला रस्ता. त्या परदेशी झाडावरील किडीची हकीकत मीं त्यानंतर मुद्दाम वाचून काढली. ती वाचतां वाचतां माझी अशी खात्री झाली कीं, आपल्या शेतकरी बंधूंस ती सांगण्यासारखी आहे. मेपल आपल्याकडे कोणी लावीत नाहीं व ती कीडहि आपल्याकडे नाहीं, हें मला ठाऊक आहे. परंतु दुसऱ्याच्या घरचा तंटा त्रयस्थपणें पाहतां येतो, स्वतःच्या घरचा पाहतां येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार होय.

प्रथम झाडाविषयीं. मेपलच्या शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांतील शर्करा-मेपल या जातीच्या खोडास वसंतांत भोंक पाडून जो पाणीदार रस निघतो, तो आटवून काकवीसारखा पाक करतात. साधारण चाळीस शेर रस आटवावा तेव्हां एक शेर पाक पदरांत पडतो. आपल्या गुऱ्हाळवाल्यांनीं हा हिशेब ऐकला तर ते कपाळास हात लावतील! कानडा देशाच्या निशाणावर १९६५ पासून जें पान आहे तेंहि मेपलचेंच. परंतु आमच्या मित्रांच्या चिरंजीवांच्या दारीं आहे ती जात निराळी. तिला रुपेरी मेपल म्हणतात. पानाची खालची बाजू चांदीसारखी चमकते म्हणून हें नांव. हें झाड झपाट्यानें वाढतें, सावली दाट देतें, म्हणून तिकडे रस्त्यांच्या कडेला व घरांपुढें पुष्कळ लावलेलें असतें. त्याच्यापासून पीक असें कोणी काढीत नाहीं.

या रुपेरी मेपलवर जो लोकरी मावा पडतो त्याचें शास्त्रीय नांव प्रोसिफिलस टेसेलेटस असें आहे. त्याचा संसार मोठा विलक्षण आहे. हिंवाळ्यांत त्याचें अंडें मेपलच्या सालीच्या फटींत पडून असतें. वसंतांत पालवी फुटूं लागली म्हणजे अंड्यांतून मादी बाहेर पडते व कोंवळ्या पानाच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेला लागून, सोंड खुपसून बसते. तिला नराची गरज नाहीं, आणि अंडीं घालण्याचीहि नाहीं. ती एकामागून एक जिवंत पिलें देते, आणि तीं सर्व माद्याच असतात. अल्पावकाशांत पान खालच्या अंगास दुमडतें व आंत पांढरी लोकर दिसूं लागते. ही लोकर म्हणजे किडीच्या अंगांतून निघणारे मेणाचे बारीक तंतू होत. मावा रस शोषून जो चिकटा टाकतो त्यांत त्याचीं स्वतःचीं पिलें बुडून मरूं नयेत, म्हणून त्याला हें मेणाचें पांघरूण उपयोगी पडतें. पाण्याचा थेंबहि त्यावरून ओघळून जातो. औषधाचा थेंब कां ओघळतो याचें कारण यावरून कळून येईल.

येथपर्यंत आपल्या ओळखीचेंच आहे. पुढचा भाग मात्र ओळखीचा नाहीं. जून अखेर व जुलै महिन्यांत मेपलवरील पिढीस पंख फुटतात व ती संबंध पलटण झाड सोडून निघून जाते. कोठें जाते? ओढ्यानाल्यांच्या कांठीं, ओलसर जमिनींत वाढणाऱ्या आल्डर नांवाच्या झुडुपावर. (हें आल्डर मोठें गुणी झुडूप आहे. तागाच्या किंवा हरभऱ्याच्या मुळांवर गांठी येतात तशाच गांठी त्याच्या मुळांवर येतात व हवेंतील नत्रवायु जमिनीस मिळतो, जरी तें द्विदल वर्गांतलें नव्हे तरी.) तेथें हा मावा पानावर न बसतां काटक्यांवर बसतो आणि साऱ्या उन्हाळ्यांत इतका माजतो कीं, फांदीला कापूस गुंडाळला आहे असें वाटावें. शरद् ऋतूंत पुन्हा पंखांच्या माद्या उपजतात, त्या उडून मेपलकडे परततात, आणि त्यांच्या पोटीं वर्षांतून एकदांच नर व मादी अशी दोन्ही जातींचीं बाळें येतात. त्या नरमाद्यांस सोंडच नसते. खाण्याकरितां त्यांचा जन्मच नाहीं. त्यांचा संयोग होतो, मादी सालीच्या फटींत एक अंडें घालते आणि मरते. उन्हाळ्यांत जिच्या आज्यापणज्यांनीं नराच्या मदतीवांचून फांद्या भरून टाकल्या, तिच्या हातून शेवटीं एकच अंडें!

कांहीं मावे मात्र हा सारा प्रवास करीतच नाहींत. ते आल्डरच्या बुंध्याशीं पालापाचोळ्यांत थंडी काढतात व पुढल्या सालीं तेथूनच पुन्हा वर चढतात. म्हणजे मेपल अजिबात तोडून टाकला तरी आल्डरवरचा मावा हटेलच असें नाहीं.

या किडीचा एवढा वृत्तांत जमण्यास किती काळ लागला तें पाहण्यासारखें आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील आसा फिच या वैद्यकी शिकलेल्या गृहस्थानें १८५१ सालीं आल्डरवरील किडीचें वर्णन केलें व तिला नांव दिलें. हेच गृहस्थ पुढें १८५४ पासून त्या संस्थानाचे सरकारी कीटकशास्त्रज्ञ झाले. मेपलच्या पानावरील किडीला चार्ल्स रायली या दुसऱ्या नामांकित शास्त्रज्ञानें निराळें नांव दिलें, कारण तिचें रूप, बसण्याची जागा व हंगाम हीं सर्व निराळीं. ह्या दोन किडी नसून एकच आहे, मेपलवरची लेक आल्डरच्या घरीं नांदते व तिची नात परत माहेरीं येते, हें थिओडोर पर्गांडे यानें आपल्या निरीक्षणांवरून १९१२ सालीं प्रसिद्ध केलें. फिचनें नांव दिल्यापासून एकसष्ट वर्षें लोटलीं होतीं. ज्या माणसांचा धंदाच किडे पाहण्याचा, त्यांस एवढा वेळ लागला. आणि आम्ही मात्र दुरून आलेल्या एका छायाचित्रावरून “तोच आहे” म्हणून मोकळे होतों.

तो “तोच” नव्हता, हें सांगावयास नकोच. आपल्या उंसावरील लोकरी मावा सेराटोव्हॅक्यूना लॅनिजेरा या नांवाचा. दोघेहि माव्याच्याच मोठ्या गोतांतले, दोघांच्याहि अंगावर मेण. परंतु गोत एक म्हणजे घर एक नव्हे.

आतां मुख्य प्रश्न हा कीं, हा मावा मेपलचें वाईट काय करतो? पानें दुमडतात, कांहीं गळतात, खालीं उभ्या केलेल्या मोटारीवर चिकटा पडतो व त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. एवढेंच. मोठ्या झाडाला त्यापासून म्हणण्यासारखा अपाय होत नाहीं. आल्डरलाहि सहसा होत नाहीं. म्हणून तिकडील शेतकी खात्यांचे व विद्यापीठांचे सल्लागार बहुधा असेंच सांगतात कीं, कांहीं करूं नका. फारच डोळ्यांत खुपत असेल तर पाण्याची जोराची धार मारा. शिवाय जुलैंत हा पाहुणा आपण होऊनच जावयाचा असतो. जो गृहस्थ जून अखेरीस औषध मारतो, त्याला पंधरा दिवसांनीं झाड स्वच्छ दिसतें व तो औषधाचे गुण गातो. औषध न मारणाऱ्याचेंहि झाड त्याच दिवशीं स्वच्छ दिसतें. पण त्याला गुण गाण्यास कोणी मिळत नाहीं. आमच्याकडील किती औषधांची कीर्ति अशा रीतीनें उभी राहिली असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

परंतु “कांहीं करूं नका” या सल्ल्याचें खरें कारण याहून खोल आहे. तें असें कीं, त्या पांढऱ्या लोकरींत मावा एकटा नसतो.

आल्डरच्या फांदीवरील लोकर नीट उकलून पाहिली तर तिच्यांत कधीं कधीं एक अळी सांपडते. ही अळी एका फुलपांखराची आहे. फुलपांखराची अळी म्हटली कीं ती पानें खाणारी, असा आपला समज, आणि तो सर्वसाधारणपणें खराहि आहे. पण फेनिसेका टार्क्विनियस या तपकिरी-नारिंगी रंगाच्या लहानशा फुलपांखराची अळी पानाला तोंड लावीत नाहीं. ती मावा खाते, आणि मावाच खाते. अळीपणीं केवळ मांसावर जगणारें उत्तर अमेरिकेंतील हें एकमेव फुलपांखरूं होय. मादी आपलें अंडें माव्याच्या वस्तींतच घालते. अळी रेशमाची विरळ जाळी विणून तिच्याखालीं राहते व माव्यांचा फडशा पाडते. मांसाहारामुळें तिची वाढ इतकी झपाट्यानें होते कीं, बेताचे आठदहा दिवस अनुकूल मिळाले तर ती कोशांत जाण्यास तयार होते. तिच्या कोशाचा चेहरा माकडासारखा दिसतो. पुढें फुलपांखरूं झाल्यावरहि तें फुलांकडे सहसा जात नाहीं. माव्याचाच चिकटा चाखतें. ही हकीकत पहिल्यानें वाचली तेव्हां मला ती कोणीतरी रचलेली वाटली. नंतर समजलें कीं, याच कुळांतलें स्पाल्गिस नांवाचें फुलपांखरूं आपल्या देशांतहि आहे, त्याची अळी पिठ्या ढेकणावर जगते, आणि त्याचाहि कोश माकडतोंड्याच असतो. आपल्यापैकीं किती जणांनीं ती अळी पिठ्या ढेकणाबरोबर चिरडली असेल!

तेथें मुंग्याहि असतात. माव्याचा चिकटा मुंग्यांना गोड लागतो, म्हणून त्या माव्याची गुरांसारखी राखण करतात आणि परका किडा आला कीं त्याला चावून हांकलून देतात. मग ही अळी त्यांच्या देखत कळपांत शिरते कशी? २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, अळीच्या अंगावरील मेदद्रव्यें माव्याच्या अंगावरील द्रव्यांशीं मिळतींजुळतीं असतात. मुंगी वासावरून ओळखते. आणि वास तर घरच्याचाच येतो!

दुसरा एक चोर याहून धीट आहे. आपल्याकडे कपाशीवर हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपा दिसतो. त्याच्याच जातभाईची, क्रायसोपा स्लॉसोनी याची अळी या माव्यांत असते. ती माव्याच्या अंगावरील मेणाचे झुपके उपटून आपल्या पाठीवर रचते व लोकर पांघरून कळपांत वावरते. टॉमस आयझ्नर व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं याची परीक्षा केली. त्यांनीं कांहीं अळ्यांच्या पाठीवरची लोकर काढून घेतली व त्यांना उघड्या अंगानें परत माव्यांत सोडलें. मुंग्यांनीं त्या तात्काळ धरल्या व बाहेर काढल्या. लोकर पांघरलेल्या अळ्या मात्र मुंग्यांच्या पायांखालींच सुखानें जेवीत राहिल्या. मेंढराच्या कातड्यांतील लांडग्याची गोष्ट आपण मुलांना सांगतों. तो लांडगा तेथें खरोखरीच आहे, आणि तो शेतकऱ्याच्या बाजूचा आहे.

माझें म्हणणें याच ठिकाणीं सुरू होतें. फवारणीच्या पंपाला हा लांडगा व तें मेंढरूं यांतला भेद कळत नाहीं. किंबहुना त्याचा मार लांडग्यालाच अधिक लागतो, कारण लांडगे थोडे व मेंढरें फार. वांचलेली एक मावा-मादी नराची वाट न पाहतां आठवड्यांत पुन्हा कळप उभा करते. अळीचें तसें नाहीं. तिला कोशांत जावें लागतें, फुलपांखरूं व्हावें लागतें, जोडीदार शोधावा लागतो, मग अंडें. या शर्यतींत औषध कोणाला मदत करतें हें उघड आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, मेपलचा मावा निरुपद्रवी असेल, म्हणून सर्वच मावे तसे असतात काय? नसतात. आणि याचेंहि उत्तर अमेरिकेच्याच दुसऱ्या एका लोकरी माव्यांत आहे. सफरचंदाचा लोकरी मावा मूळचा उत्तर अमेरिकेंतला. तो जहाजांतून कलमांबरोबर युरोपांत गेला. लंडनजवळ तो १७८७ सालीं आढळला. मग त्यानें सफरचंदाच्या बागांना, मुळांपासून शेंड्यापर्यंत, असा कांहीं त्रास दिला कीं, इंग्रज बागाईतदार त्याला अमेरिकन रोगच म्हणूं लागले. तेथून तो सफरचंद जेथें जेथें गेलें तेथें तेथें गेला. कीड दूर देशीं गेली, पण तिचा वैरी मायदेशीं राहिला. तो वैरी म्हणजे एक सुईच्या अग्राएवढी गांधीलमाशी, ॲफेलिनस माली. १९२० च्या सुमारास ती न्यूझीलंडांत नेऊन सोडल्यावर तेथील मावा पुष्कळ आटोक्यांत आला, व मग ती इतर अनेक देशांनीं नेली. शिवाय नॉर्दर्न स्पाय नांवाच्या सफरचंदाच्या मुळांवर हा मावा ठरत नाहीं असें दिसून आल्यामुळें, त्याच्या संकरापासून खुंट तयार करून त्यांवर कलमें बांधण्याची रीतहि पडली. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर सफरचंदांत शिरणाऱ्या अळीसाठीं डीडीटी मारूं लागले. तेव्हां कित्येक ठिकाणीं अळी कमी झाली, पण ती गांधीलमाशी मेली, आणि निजलेला लोकरी मावा पुन्हा उठून बसला.

म्हणजे एकाच खंडांतले दोन लोकरी मावे: एक आपल्या घरीं, आपल्या वैऱ्यांच्या पहाऱ्यांत, कोणाचें फारसें बिघडवीत नाहीं, दुसरा वैऱ्यांवांचून परमुलुखांत गेला व शंभर वर्षें लोकांना छळीत राहिला. किडीचा जोर तिच्या सोंडेंत जितका असतो, तितकाच तिच्या आसपास कोण नाहीं यावर असतो.

आपल्या २००२ सालच्या अनुभवाकडे मी याच दृष्टीनें पाहतों. उंसावरील लोकरी मावा ईशान्य भारतांत पूर्वीपासून होता, परंतु दक्षिणेंत त्याचा उपद्रव आपण जाणत नव्हतों. २००२ च्या पावसाळ्यांत सांगली जिल्ह्यांत तो दिसला, आणि दोनतीन वर्षांत महाराष्ट्र व कर्नाटकांतील लक्षावधि एकर उंसावर पसरला. पानें काळीं पडलीं, वजन घटलें, साखर उतरली. त्या वेळची धांदल ज्यांनीं पाहिली ते विसरणार नाहींत. मीं स्वतः दीड एकर आडसाली उंसांत दोनदां भुकटी धुरळली व एकदां फवारा मारला. डोक्याहून उंच उंसांत शिरून औषध मारणें म्हणजे काय, हें सांगून कळावयाचें नाहीं; अर्धें औषध पानाच्या वर पडतें, मावा असतो खालीं, आणि उरलेलें आपल्याच अंगावर येतें. माझ्या गड्यास दोन दिवस डोळे उघडवेनात. दुकानदारानें तिसऱ्यांदा दुसरें औषध दिलें व तें “याच्यापेक्षां जालीम” असल्याचें सांगितलें. तेवढ्यांत माझ्या बांधाला लागून ज्यांचा ऊंस आहे त्यांच्याजवळ पैसाच उरला नव्हता, म्हणून त्यांनीं कांहींच मारलें नाहीं. पुढच्या हिंवाळ्यांत त्यांच्या पानाखालीं माव्याबरोबर हिरवट-करड्या अळ्या दिसूं लागल्या. मीं त्यांस सांगितलें, “आतां ही दुसरी कीड आली, हिच्यावर तरी कांहीं मारा.” सुदैवानें त्यांच्याजवळ तेव्हांहि पैसा नव्हता.

त्या अळ्या डिफा ॲफिडिव्होरा या पतंगाच्या होत्या. मेपलवाल्यांकडे मावा खाणारें फुलपांखरूं आहे; आपल्याकडे मावा खाणारा पतंग आहे. त्यांच्याकडे लोकर पांघरणारी क्रायसोपाची अळी आहे. आपल्याकडे मायक्रोमस इगोरोटस हा तिचाच तपकिरी भाऊबंद उंसावरच्या माव्यांत येऊन बसला. पुढें विद्यापीठांनीं व साखर कारखान्यांनीं ह्या दोहोंची पैदास करून पानांच्या तुकड्यांवरून त्यांचीं पिलें शेतोशेतीं वांटलीं, व आसामांतून एन्कार्शिया नांवाची बारीक गांधीलमाशीहि आणून सोडण्यांत आली. दोनतीन वर्षांत मावा पुष्कळच ओसरला. तो सर्वस्वीं ह्या मित्रकिड्यांमुळेंच ओसरला असें मी म्हणत नाहीं. हवामानाचाहि त्यांत हात असेल. आणि माझ्या व शेजाऱ्यांच्या शेताची तुलना हा कांहीं शास्त्रीय प्रयोग नव्हे. परंतु माझ्या शेतांत ह्या अळ्या शेजाऱ्यांच्या मागून बऱ्याच दिवसांनीं आल्या, आणि त्या न येण्याचे पैसे मींच मोजले होते, एवढें खरें.

पपईवरील पिठ्या ढेकणाचा प्रकार तर ताजा आहे. तो मूळचा मेक्सिकोकडचा. २००८ सालीं कोइमतूराकडे आढळला व पाहतां पाहतां महाराष्ट्रांतील पपईच्या बागांतहि आला. औषधांनीं तो हटेना. २०१० सालीं पोर्टो रिको बेटावरून त्याचा वैरी, ॲसेरोफॅगस नांवाची गांधीलमाशी, सरकारी संस्थेनें आणविली व सोडली. तिनें जें काम केलें तें पंपांनीं केलें नव्हतें.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचें कर्ज आहे त्याला “थांब, लांडगा येईल” असें सांगणें सोपें नाहीं, हें मी जाणतों. मेपल हें सावलीचें झाड, त्याची दोन पानें गळलीं तर कोणाची चूल विझत नाहीं. ऊंस, कपाशी, डाळिंब यांचें तसें नाहीं. शिवाय लांडगा येईलच असाहि भरंवसा नसतो; परदेशची कीड आली तर तो मुळीं देशांतच नसतो, आणि तो आणणें हें एकट्या शेतकऱ्याचें काम नव्हे. ह्या सर्व गोष्टी मला मान्य आहेत. वेळप्रसंगीं औषध मारावेंच लागतें व मीहि मारतों. परंतु ज्यांना घाई करणें प्राप्त आहे असें आपण समजतों, त्यांपैकीं कांहीं ठिकाणीं घाईचा उपयोगच नसतो हेंहि ध्यानांत घ्यावें. पपईच्या वलयी ठिपक्याच्या रोगाचें विष मावा नेतो, पण तो तें पानास सोंड टेंकतांच कांहीं क्षणांत देऊन मोकळा होतो. औषधानें मावा मरेपर्यंत रोग लागून गेलेला असतो. तेव्हां घाई हेंहि एक मोजून वापरावयाचें औषध आहे.

आमच्या संघाकडून मला तीन गोष्टी पाहिजेत, आणि त्या गेल्या सभेंत मीं बोललोंहि होतों. तेथें त्या चहापानांत बुडाल्या म्हणून येथें लिहितों. संघाच्या भांडारांतून कीटकनाशक नेणाऱ्यानें कीड पडलेलें पान बरोबर आणावें व तें भांडारांतील माणसानें उलटून, भिंगाखालीं पाहावें. भिंगाला पैसा फारसा पडत नाहीं. दुसरें, माव्यावर जगणाऱ्या अळ्यांचीं मोठीं चित्रें भांडारांत लावावींत, कारण आपल्या लोकांस ढालकिडा ओळखतो पण ढालकिड्याची अळी ओळखत नाहीं, व ती काळी, कांटेरी, विचित्र दिसते म्हणून प्रथम तिचाच बळी जातो. तिसरें, जो सभासद फवारणी करील त्यानें शेताच्या एका कडेच्या चार ओळी तशाच ठेवाव्यात, व पंधरा दिवसांनीं दोन्हीकडे काय दिसतें तें संघास कळवावें. चार ओळींनीं कोणी बुडत नाहीं, आणि फवारणीचा खरा गुण किती व जुलैंत आपण होऊन उडून जाणाऱ्या माव्याचा गुण किती, हें समजण्यास दुसरा मार्ग नाहीं. भांडाराचा खप कमी होईल अशी भीति एका संचालकांनीं व्यक्त केली. भांडार सभासदांकरितां आहे कीं सभासद भांडाराकरितां, हा प्रश्न मीं त्यांस विचारला. त्याचें उत्तर अजून यावयाचें आहे.

मित्रांच्या चिरंजीवांस आम्हीं दुसऱ्या दिवशीं निरोप धाडला कीं, पंप आणूं नकोस, पान उलटून नीट पाहा. त्यानें पाहिलें. आषाढाच्या अखेरीस त्याचें उत्तर आलें कीं, झाडावरची लोकर जवळजवळ नाहींशी झाली आहे. घरापासून मैलभर दूर एक ओढा असून त्याच्या कांठच्या झुडुपांच्या फांद्या मात्र आतां पांढऱ्याफेक झाल्या आहेत. तेथें त्याला फुलपांखरूं दिसलें नाहीं, मुंग्या पुष्कळ दिसल्या. रविवारीं पुन्हा जाऊन लोकर उकलून पाहतों, असें त्यानें कळविलें आहे.